ट्रॅकवर उतरायचंय, पण सुरुवात कुठून?

वाचकांचे प्रश्न

(या सदरात उत्तरं देणाऱ्या ताई भोसरीत शर्यतीच्या गाड्यांचं वर्कशॉप चालवतात आणि नव्या चालकांना तयार करतात. या वेळी बहुतेक पत्रं मोटारींच्या शर्यतीचा परवाना आणि पहिली शर्यत याच विषयावर आली, म्हणून सगळी जागा त्यालाच दिली आहे.)

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सत्तावीस वर्षांचा आहे, हिंजवडीत नोकरी करतो. माझ्याकडे पोलो आहे. रविवारी पहाटे आम्ही चार-पाच मित्र ताम्हिणीत नाहीतर लवासाच्या रस्त्याला गाड्या काढतो. सगळे म्हणतात, तुझा हात चांगला आहे. मला खरी शर्यत करायची आहे. लायसन्स कसं काढतात, कुठे शिकायचं, खर्च किती येतो? घरी आईला अजून सांगितलेलं नाही.
– एक वाचक, वारजे

उत्तर : येत्या रविवारपासून ताम्हिणी बंद करा. परवान्याचं त्यानंतर बोलू. त्या घाटात समोरून एसटी येते, पावसाळ्यात वळणावळणाला धबधब्याशी फोटो काढणारी माणसं रस्त्यातच उभी असतात, आणि गाडी कठड्याबाहेर गेली तर धावत येणारं कुणी नसतं. कायद्याचंही ऐकून ठेवा. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं किंवा वेग आजमावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि खरं सांगू का, घाटात जे शिकता ते ट्रॅकवर फारसं कामाला येत नाही. घाटात अर्धाच रस्ता तुमचा. ट्रॅकवर सगळी रुंदी वापरायची, वळणाआधी बाहेरच्या कडेला, मग आत, आणि सुटताना पुन्हा बाहेर. घाटात तुम्ही टायरची पकड सुटायच्या पुष्कळ आधी हात आखडता घेता, आणि घेतलाच पाहिजे. त्यामुळे पकड सुटू लागते तेव्हा गाडी काय सांगते, हे कानाला, हाताला, बुडाला कधी कळतच नाही. घाटातून आलेली मुलं माझ्याबरोबर पहिल्यांदा ट्रॅकवर येतात तेव्हा हमखास हेच दिसतं. ब्रेक लवकर मारतात पण हलका मारतात. वळणात शिरल्यावर वाटतं, वेग जास्त आहे, मग स्टिअरिंग वळलेलं असतानाच पुन्हा पाय ब्रेकवर. सगळं वजन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी जागच्या जागी गरकन फिरते. ब्रेकचं काम सरळ रेषेत, जोरात आणि वेळेत उरकायचं, आणि वळणात शिरता शिरता पाय हळूहळू सोडायचा. डोक्यावर भरलेली कळशी घेऊन चालणारी बाई कधी हिसका देत नाही, तसं वजन एका चाकावरून दुसऱ्या चाकावर न्यायचं. ही सवय लावायला शाळाच हवी.

आता परवाना. आपल्याकडे मोटारस्पोर्टचा कारभार फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था बघते. सगळे तिला एफएमएससीआय म्हणतात. सरकारमान्य राष्ट्रीय क्रीडा महासंघ आहे आणि जागतिक पातळीवर एफआयएशी, म्हणजे मोटारशर्यतींच्या जागतिक संस्थेशी, जोडलेला आहे. स्पर्धेचा परवाना हीच संस्था देते. सर्किटवर चारचाकीच्या शर्यतीत उतरायचं तर त्यांनी मान्यता दिलेल्या प्रशिक्षण संस्थेत शिकून दाखला मिळवावा लागतो. तो दाखला, वयाचा पुरावा, फोटो, रक्तगट आणि डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र जोडून ऑनलाइन अर्ज करायचा. परवाना कॅलेंडर वर्षापुरता असतो, म्हणजे नोव्हेंबरात काढून मिरवण्यात अर्थ नाही. शुल्क आणि परवान्याचे वर्ग दरवर्षी बदलतात, ते संस्थेच्या संकेतस्थळावरच बघा, कुणा मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. परवान्याबरोबर अपघाताचं काय संरक्षण मिळतं, तेही तिथंच नीट वाचून घ्या.

प्रशिक्षण बहुतेक वेळा कोइम्बतूरला किंवा चेन्नईला होतं. राष्ट्रीय शर्यतीही गेली कित्येक वर्षं मुख्यतः तिथंच होत आल्या आहेत. चेन्नईचा ट्रॅक श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे, पूर्ण लांबी सुमारे ३.७ किलोमीटर. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा तो ट्रॅक. त्याआधी हेच लोक शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती भरवायचे. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा, २००३ मध्ये सुरू झालेला. एस. करिवर्धन यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मारुतीचं इंजिन बसवून 'फॉर्म्युला मारुती' ही एकआसनी गाडी बनवली आणि साध्या माणसाला परवडेल अशी शर्यत आपल्याकडे आणली. १९९५ मध्ये ते विमान अपघातात गेले. त्याच गाड्यांतून सुरुवात केलेले कोइम्बतूरचेच नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय ठरले. हे मुद्दाम सांगते, कारण पुण्यातली मुलं मला 'आपल्याकडे काही नाहीच' म्हणतात. आहे. पण त्यासाठी पुणे स्टेशनवरून कोइम्बतूरची गाडी पकडावी लागते.

शाळेत काय होतं ते थोडक्यात सांगते. सकाळी वर्गात फ्लॅग, रेसिंग लाइन, टायरची पकड. मग ट्रॅकवर पायी फेरी. मग प्रशिक्षकाच्या गाडीमागून हळू, आणि मग एकट्याने. शेवटी लेखी परीक्षा असते आणि ट्रॅकवरही पारख होते. मुलांना वाटतं लॅप टायमिंग बघतात. मी पिट वॉलवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेला टीमची माणसं थांबतात त्या भिंतीशी, उभी असते तेव्हा दुसरंच बघत असते. दर फेरीला हा मुलगा त्याच जागी ब्रेक मारतो का? आरशात बघतो का? मागून वेगवान गाडी आली तर आपली लाइन धरून चालतो, की घाबरून मध्येच बाजूला होतो? शेजारून जाणाऱ्या माणसाला तुमचा पुढचा डाव आधी ओळखता आला, तर तुम्हाला परवाना द्यायला माझी हरकत नसते. वेग पुढच्या वर्षी येतो.

कुठल्या गाडीत उतरायचं? तुमची पोलो चाकणची, आणि २०१० मध्ये पोलोचीच एक शर्यतमालिका आपल्याकडे सुरू झाली होती. त्यामुळे घरच्या पोलोलाच रोल केज, म्हणजे आतून लोखंडी नळ्यांचा पिंजरा, बसवावा असं मनात आलं असेल. ते करू नका. शर्यतीची गाडी म्हणजे आतून सोलून काढलेली गाडी. रोल केज, बकेट सीट, सहा पट्ट्यांचा हार्नेस, इंजिन आणि वीज एकदम तोडणारा किल स्विच, आग विझवण्याची यंत्रणा, ओढायचे हुक. पुन्हा रस्त्यावर ती कायदेशीरपणे चालत नाही, आणि पहिल्या वर्षी तुम्हाला गाडीतला बिघाड आणि स्वतःतला बिघाड वेगळा ओळखता येत नाही. पहिलं वर्ष टीमकडून गाडी भाड्याने घ्या. फॉर्म्युला एलजीबीसारख्या एकआसनी गाड्या आहेत, सलून, म्हणजे रस्त्यावरच्या बंद गाड्यांवरून केलेल्या गाड्यांचे वर्ग आहेत, नवोदितांसाठी वेगळे चषक होतात. सगळ्यांना एकसारखी गाडी असेल असा वर्ग निवडा. तिथं हरलात तर का हरलात ते कळतं.

खर्च लाखांत मोजायचा, हे आधीच मनाशी धरा. हेल्मेट, सूट, बूट, मानेचं उपकरण यांचाच आकडा लाख-दीड लाखापर्यंत सहज जातो. टीमशी बोलताना भाड्यात काय काय धरलंय ते कागदावर घ्या : टायर किती, सरावाचा दिवस धरला आहे का, प्रवेश फी कुणाची, आणि मुख्य म्हणजे गाडी ठोकली तर दुरुस्ती कुणी भरायची आणि कमाल किती. ही शेवटची ओळ कागदावर नसेल तर पैसे देऊ नका. पहिल्या हंगामात पुढचं नाक तुटतंच कधी ना कधी, आणि मग चांगले संबंध बिघडतात.

आणि आईला सांगा. लपवून अर्ज करू नका. शर्यतीच्या दिवशी त्यांना ट्रॅकवर घेऊन या. वळणावळणाला झेंडे दाखवणारे मार्शल उभे असतात, डॉक्टर आणि अँब्युलन्स जागेवर नसतील तर शर्यत सुरूच होत नाही. हे डोळ्यांनी बघितलेली आई आणि रविवारी पहाटे चार वाजता तुमच्या गाडीचा आवाज ऐकून जागी राहणारी आई, यांत मला फार फरक दिसला आहे.

प्रश्न : माझ्याकडे बाइकचं चांगलं, महागातलं हेल्मेट आहे. रायडिंग जॅकेट, ग्लोव्हजही आहेत. तेच कारच्या शर्यतीला चालेल का? दोनदा खर्च कशाला?
– एक विद्यार्थी, धनकवडी

उत्तर : नाही चालणार, आणि स्क्रुटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत, परत पाठवतील. बाइकच्या हेल्मेटला आपल्याकडे आयएसआयचा शिक्का लागतो, तो दुचाकीच्या पडण्याचा विचार करून दिलेला असतो. बाइकवरून पडलेला माणूस गाडीपासून सुटून घसरत जातो. कारमध्ये तुम्ही पट्ट्यांनी बांधलेले असता आणि डोकं रोल केजच्या त्याच नळीवर पुन्हा पुन्हा आपटू शकतं. शिवाय आगीची भीती. म्हणून मोटारींसाठी स्नेल संस्थेचं 'एसए' मानांकन किंवा एफआयएचं ८८५९ मानांकन असलेलं हेल्मेट घ्यायचं. त्याचं अस्तर सहज पेट घेत नाही. खरेदी करताना आतलं लेबल स्वतः वाचा, दुकानदाराच्या तोंडी हमीवर जाऊ नका. मानांकनाला वर्ष असतं आणि जुनी मानांकनं कालांतराने बाद होतात, त्यामुळे कुणी वापरलेलं स्वस्तात देतोय म्हणून घेऊ नका. वापरलेलं हेल्मेट एकदा आपटलंय की नाही, हे बाहेरून कळत नाही.

हेल्मेटला दोन्ही बाजूंना एचएएनएस अडकवायच्या खुंट्या आहेत ना, तेही बघा. एचएएनएस म्हणजे खांद्यावर बसणारी कडक कॉलर. हार्नेसच्या खांद्यावरच्या पट्ट्या तिच्यावरून जातात आणि तिच्या दोऱ्या हेल्मेटला अडकतात. समोरून धडक बसली की छाती पट्ट्यांनी जागेवर राहते, पण हेल्मेटसकट डोकं पुढं फेकलं जातं आणि कवटीच्या तळाशी, मान जिथं जोडलेली असते तिथं, हाड मोडतं. अमेरिकेतले शर्यतपटू जिम डाउनिंग यांचे एक मित्र १९८१ मध्ये अशाच दुखापतीने गेले. डाउनिंग यांचे मेहुणे रॉबर्ट हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते, त्यांनी हे उपकरण तयार केलं. कितीतरी वर्षं चालकांनी ते अवघडल्यासारखं होतं म्हणून नाकारलं. २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत अमेरिकेतले नामवंत चालक डेल अर्नहार्ट गेले, तेव्हा सगळे हलले. फॉर्म्युला वनने २००३ पासून ते सक्तीचं केलं. माझ्या शेडमध्ये एचएएनएस न घालता कुणी गाडीत बसत नाही, गाडी जागेवर उभी असली तरी. कारण ते घालून मान किती वळते आणि आरसे कुठे लावायचे, याची सवय तिथंच होते.

जॅकेटचंही तसंच. सूट नोमेक्ससारख्या आग सहन करणाऱ्या कापडाचा, मानांकनाचा शिक्का असलेला हवा. तो तुम्हाला काही सेकंद देतो, बाहेर पडण्यापुरते. आत जिममधला पॉलिस्टरचा टी-शर्ट घालू नका, उष्णतेने तो वितळून कातडीला चिकटतो. आगरोधक अंतर्वस्त्रं घ्या. पैसे कमी पडत असतील तर सूटचा रंग, नाव, शिलाई यांवर वाचवा. हेल्मेट आणि एचएएनएसवर वाचवू नका.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. तिला गाड्यांचं वेड आहे, फॉर्म्युला वनची एकही शर्यत चुकवत नाही. ती म्हणते, मला रेसर व्हायचंय. आम्ही नोकरदार माणसं. तिला कुठे घालावं? मुलगी म्हणून काही वेगळं?
– एक वडील, चिंचवड

उत्तर : कार्टिंगला. अठरा वर्षांचं होईपर्यंत वाट बघू नका. कार्टला सस्पेन्शन नसतं, तळ जमिनीला लागलेला, त्यामुळे पकड, वजन, लाइन या गोष्टी थेट अंगात शिरतात. आधी मॉलजवळच्या भाड्याच्या कार्टवर नेत राहा आणि काही महिन्यांनीही तिला तितकंच जायचं असेल, तरच पुढचं पाऊल टाका. कोल्हापूरला चांगला कार्टिंग ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथं झालेल्या आहेत, आणि पुण्याहून सकाळी निघून रात्री परत येता येतं. स्पर्धेच्या कार्टमध्ये वयाप्रमाणे गट असतात. अल्पवयीन असल्यामुळे परवान्याच्या कागदांवर तुमची संमती लागेल.

मुलगी म्हणून ग्रिड, म्हणजे शर्यत सुटायची रांग, वेगळं नसतं, घड्याळ सगळ्यांना एकच. वडोदऱ्याची मीरा एरडा लहान वयात कार्टिंगमध्ये आली आणि तिथूनच राष्ट्रीय फॉर्म्युला शर्यतींत मुलांच्या बरोबरीने उतरली. तुमच्याकडून एकच मागणं आहे. ती ट्रॅकवरून आल्यावर हेल्मेट काढायच्या आत 'तिसऱ्या वळणावर काय झालं?' असं विचारू नका. पाणी द्या. ती स्वतःहून सांगेल. कुंपणाबाहेरून ओरडणाऱ्या वडिलांमुळे चांगल्या हाताची मुलं कार्ट सोडून गेलेली मी पाहिली आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : माझं वय ४६, चष्मा आहे, रक्तदाबाची एक गोळी सुरू आहे. मुलं मोठी झाली. आता शर्यतीत उतरणं वेडेपणा ठरेल का?
– एक गृहिणी, कोथरूड

उत्तर : मुळीच नाही. चष्मा अडचण नाही, फक्त हेल्मेटमध्ये काड्या नीट बसतील अशी फ्रेम घ्या. रक्तदाबाचं मात्र तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की सूट घालून, चेन्नईच्या उकाड्यात, बंद गाडीत बसायचं आहे. ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्या, नियमात मागितली नसली तरी.

त्याआधी टीएसडी रॅली करून बघा. वेळ, वेग आणि अंतर यांचा मेळ घालायचा खेळ असतो. एक चालवतो, एक शेजारी बसून हिशोब करतो. ठरवून दिलेला सरासरी वेग वाहतुकीच्या नियमांत बसणारा असतो आणि लवकर पोहोचलात तरी गुण कापले जातात. साधी गाडी चालते. मैत्रिणीला शेजारी बसवा. पुण्याच्या आसपास रस्त्यांची काय कमतरता आहे! दुसरी वाट मार्शलची. शर्यती भरवणारे क्लब मार्शल तयार करतात. एक वीकेंड वळणावर झेंडा घेऊन उभं राहिलं की शर्यतीबद्दल जे कळतं, ते गाडीत बसून कळायला वर्षं लागतात. मी तर माझ्याकडच्या प्रत्येक नव्या चालकाला आधी तिथं उभं करते.

प्रश्न : ट्रॅक डेला माझी रोजची गाडी न्यायची आहे. इन्शुरन्स फुल आहे. अजून काय तयारी करू?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : पॉलिसी उघडा आणि 'लिमिटेशन्स अ‍ॅज टु यूज' हा भाग वाचा. आयोजित शर्यत, वेगाची चाचणी हे आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत वगळलेलं असतं. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर 'फुल' विमा कामाला येईल असं धरून चालू नका.

मग ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं आणि आपल्याकडच्या एका पावसाळ्यातही त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ प्रतीचं नवं तेल किमान २३० अंशांपर्यंत टिकतं, ओलावा शोषलेलं तेच तेल १५५ अंशांवर उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, ट्रॅकवर ब्रेकना ही किंमत प्रत्येक फेरीत मोजावी लागते. म्हणून जाण्याआधी तेल बदला, पॅडची जाडी बघा, दोन-तीन वेगवान फेऱ्यांनंतर एक फेरी हळू मारून ब्रेक गार होऊ द्या. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेल्या चकत्यांना पॅड चिकटून बसतात. गिअरमध्ये लावा आणि चाकाला लाकडाचा ठोकळा. सीटखालची पाण्याची बाटली, डॅशबोर्डवरचा गणपती, सुटे मोबाइल सगळं काढून ठेवा.

प्रश्न : ताई, परवाना मिळाला! पुढच्या महिन्यात कोइम्बतूरला माझी पहिली शर्यत, एकआसनी गाडीत. टीम चांगली आहे. पण त्या तीन दिवसांत नेमकं काय होतं आणि मी काय करू, हे कुणी सविस्तर सांगत नाही. झोप येत नाही.
– एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : अभिनंदन! मनापासून आनंद झाला. झोप त्या आदल्या रात्रीही येणार नाही. पडून राहिलात तरी शरीराला विश्रांती मिळते, त्याची चिंता सोडा.

पहिलं काम आतापासूनचं. प्रत्येक स्पर्धेचे आपले नियम छापलेले असतात, सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स म्हणतात त्यांना. ते वाचा. वेळापत्रक, किमान वजन, दंड, सगळं त्यात असतं. दुसरं काम, टीमच्या गाडीत बसून डोळ्यांवर फडकं बांधा आणि हाताने शोधा : किल स्विच कुठे, फायर एक्स्टिंग्विशरची कळ कुठे, हार्नेसचं बक्कल कुठल्या दिशेला फिरतं, स्टिअरिंग कसं निघतं. मग बाहेर पडा. पुन्हा बसा, पुन्हा बाहेर पडा. हात आपोआप तिथं जाईपर्यंत करत राहा. हार्नेस बांधताना आधी कमरेचा पट्टा खाली, पोटावर नाही तर कमरेच्या हाडावर, गच्च. खांद्याचे पट्टे सगळ्यांत शेवटी, एचएएनएसवरून. श्वास सोडून मेकॅनिकला ओढायला सांगा. 'जरा जास्तच घट्ट आहे' असं वाटलं की बरोबर आहे.

पहिल्या दिवशी कागदपत्रं आणि स्क्रुटिनी. गाडीबरोबर तुमचं हेल्मेट, सूट, एचएएनएसही तपासतात. रांग लांब असते, लवकर जा. ड्रायव्हर्स ब्रीफिंग चुकवू नका, दंड होतो आणि क्लार्क ऑफ द कोर्स, म्हणजे शर्यत चालवणारे मुख्य अधिकारी, तिथं जे सांगतात ते कुठल्याच कागदावर नसतं. संध्याकाळी ट्रॅकवर पायी फिरा. मार्शलच्या चौक्या कुठे आहेत ते लक्षात ठेवा, कारण झेंडे तिथूनच दिसणार. गाडीत बसून ते शोधायला वेळ नसतो.

झेंडे तुम्ही शिकला आहात, तरी तीन पुन्हा सांगते. पिवळा हलताना दिसला की पुढे धोका आहे, ओव्हरटेक बंद आणि वेग खरोखर कमी करायचा. तिथं कुणीतरी माणूस ट्रॅकवर उभा असू शकतो. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे तेल किंवा पाणी, पकड नाही. निळा म्हणजे मागून फेरी पुढे असलेली गाडी येतेय. निळा बघून गडबडून बाजूला होऊ नका. लाइन धरा, सरळ रस्त्यावर हात करून बाजू दाखवा, तो जाईल. नवखे लोक निळ्याला घाबरतात, आणि टक्कर बहुतेक वेळा त्या अचानक केलेल्या सौजन्यातूनच होते.

क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे सुटतानाचा क्रमांक ठरवणाऱ्या फेऱ्यांत, कुणाच्या तरी मागे लागू नका. मोकळी जागा शोधा आणि दर फेरीला तेच ब्रेकिंग पॉइंट. कारी छोटा ट्रॅक आहे, वळणं एकामागोमाग येतात, गर्दी वाटेल.

आता स्टार्ट. ग्रिडवर आपल्या चौकोनात गाडी उभी कराल, इंजिनाचा आवाज हेल्मेटमध्येही भरून राहील, घाम डोळ्यांत येईल. पहिला गिअर आधीच टाकून ठेवा. लाल दिव्यांकडे बघा, पुढच्या गाडीच्या चाकांकडे नको. दिवे विझले की क्लच चावतो त्या जागेपर्यंत सोडा, क्षणभर धरा, मग पूर्ण. चाकं नुसती फिरत राहिली तर थोडं रेस कमी करा. पुढची गाडी बंद पडून जागेवरच राहू शकते, म्हणून निघतानाच कुठल्या बाजूने जायचं ते ठरलेलं असू द्या.

पहिल्या वळणावर टायर गार, ब्रेक गार, आणि पुढच्या गाड्यांनी हवा अडवल्यामुळे तुमची गाडी सरावापेक्षा उशिरा थांबणार. सरावातला ब्रेकिंग पॉइंट विसरा, बरंच आधी ब्रेक मारा. एकआसनी गाडीची चाकं उघडी असतात. तुमचं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला लागलं तर ते त्याच्यावर चढतं आणि गाडी हवेत उडते. म्हणून शेजारी कुणी असेल तर एक गाडीची रुंदी त्याच्यासाठी ठेवायचीच, तुमचा हक्क असला तरी. पहिल्या वळणावर दोन जागा गेल्या तर जाऊ द्या. अर्ध्या शर्यतीपर्यंत त्यातले काही स्वतःच वाळूत जाऊन बसलेले असतात.

गाडी फिरलीच, तर दोन्ही पाय खाली : क्लच आणि ब्रेक. ब्रेक धरून ठेवला की गाडी एकाच दिशेने घसरत जाते आणि मागून येणारे तिला चुकवू शकतात. ब्रेक सोडलात तर ती मध्येच पकड धरून पुन्हा ट्रॅकवर येते, सगळ्यांच्या समोर. थांबल्यावर आरसा नको, मार्शलकडे बघा. तो हाताने सांगेल तेव्हाच निघा. इंजिन बंद पडलं आणि आग नसेल तर त्याचा इशारा येईपर्यंत आतच बसा, हार्नेस सोडू नका.

दोन दिवस आधीपासून पाणी आणि ओआरएस पीत राहा. सूटमध्ये अर्ध्या तासात माणूस भिजून निघतो आणि शेवटच्या फेऱ्यांत चुका होतात त्या तहानेने. सकाळी इडली चालेल, वडे नकोत.

चौकड्यांचा झेंडा बघितल्यावर लगेच ब्रेक मारू नका, मागचा अजून शर्यतीतच असतो. गार होण्याची एक फेरी मारा, वळणावळणाच्या मार्शलना हात करा. ते पगारी नोकर नाहीत, हौसेने दिवसभर उन्हात उभे राहिलेली माणसं आहेत. मग पार्क फर्मेमध्ये, म्हणजे शर्यतीनंतर तपासणीसाठी गाड्या ठेवतात त्या बंद जागेत, गाडी लावा आणि वजन होईपर्यंत तिला कुणाला हात लावू देऊ नका. तुमचंही वजन करतील, त्यामुळे हेल्मेट आणि सूट काढून पाणी प्यायला पळू नका.

परतीचं तिकीट रविवारी रात्रीचं काढू नका. कुणी तक्रार नोंदवली तर स्टुअर्ड्स, म्हणजे शर्यतीचे पंच, दोन्ही चालकांना बोलावतात, आणि निकालाचा अंतिम कागद लागायला उशीर होतो. सोमवारची रजा आत्ताच टाकून ठेवा, आणि निकालाच्या कागदावर फक्त शेवटचा क्रमांक बघू नका, प्रत्येक फेरीची वेळ असलेलं पान मागून घ्या. ते घेऊन भोसरीला या, आपण बसून बघू.